नजर पायांवर

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आरतीला तबला आणि नवरात्रात ढोलकी बडवणारा माणूस एवढीच माझी सोसायटीत ओळख. म्हणून वादकांबद्दलच बोलतो. पण आपल्याकडच्या नाही, स्कॉटलंडच्या.

गेल्या वर्षी भाचीकडे एडिंबरोला गेलो होतो. तिच्या मैत्रिणीच्या लग्नात संध्याकाळी 'केली' होती. स्पेलिंग वाचून मी 'सेलिध' म्हटलं आणि हशा पिकवला! मूळ गेलिक शब्दाचा अर्थ एकमेकांकडे जाणं, गप्पा-गाण्यांची बैठक. आता मात्र केली म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायचं.

स्टेजवर पाच जण. अ‍ॅकॉर्डियन, फिडल (म्हणजे आपलं व्हायोलिनच), कीबोर्ड, उभा डबल बास आणि ड्रम. अ‍ॅकॉर्डियन हा आपल्या पेटीचा चुलतभाऊ. भात्याची हवा आणि धातूच्या पत्त्या, तत्त्व तेच. फक्त गळ्यात अडकवलेला.

मला भावला तो कीबोर्डवाला. डाव्या हाताने खर्जातला सूर, उजव्या हाताने मधल्या जागेत कॉर्ड. धम-चक, धम-चक, तासन् तास. त्याच्याकडे कोणी बघत नाही, पण पाय पडतात ते त्याच्यावरच. साथ करणाऱ्यांना हे लगेच कळेल.

'रील' ऐकली की आपला केरवा आठवतो, 'जिग' सहाच्या चालीत, दादऱ्यासारखी. धुनेचे साधारण दोन भाग, प्रत्येक आठ बारचा, दोनदा वाजवायचा. झाले ३२ बार. नाचाची एक फेरीही बहुतेक ३२ बारचीच. म्हणजे धून संपते तिथेच नाचणारा आपल्या जागी परत येतो. एकच धून फार वेळ वाजली तर पाय कंटाळतात, म्हणून मध्येच मानेने खूण करून दुसरी सुरू करतात. त्या क्षणी सगळ्या हॉलच्या अंगात नवं वारं शिरतं.

परंपरा जुनी आहे. नील गाऊ (१७२७–१८०७) हा पर्थशायरचा नामांकित फिडलवादक. डेव्हिड अ‍ॅलन या चित्रकाराच्या चित्रात तो गावच्या लग्नात वाजवताना दिसतो, शेजारी चेलोवर भाऊ डोनाल्ड. म्हणजे साथीदार तेव्हाही होताच! विसाव्या शतकात जिमी शँड आले. फाइफच्या खाणकामगाराचा मुलगा, तरुणपणी स्वतः खाणीत राबलेला. १९५५ मध्ये त्यांची 'ब्लूबेल पोल्का' ब्रिटनच्या लोकप्रिय रेकॉर्डच्या यादीत गेली, १९९९ मध्ये ते 'सर' झाले. नाव झालं ते पक्क्या लयीसाठी. वाजवताना चेहरा गंभीर, पण नाचणाऱ्याचं पाऊल चुकायचं नाही.

तर त्या संध्याकाळी 'स्ट्रिप द विलो' लागला, ऑर्कनी बेटांच्या पद्धतीचा. हॉलभर दोन लांब रांगा, आणि एकेक जोडी हातात हात अडकवून गिरक्या घेत शेवटपर्यंत जाते. सगळ्यात शेवटी निघाल्या नवरीच्या आजी, नातवाबरोबर. बाकीच्यांचं होऊन गेलं होतं, लोक धापा टाकत होते. अ‍ॅकॉर्डियनवाल्याची नजर आजींच्या बुटांवर. त्याने मान हलवली, बँडने आणखी एक फेरी घेतली, मग आणखी एक. आजी टोकाला पोचल्या आणि त्याच ठोक्यावर धून संपली.

टाळ्या वाजत होत्या, आणि मला मात्र आपलं गच्चीवरचं नवरात्र आठवलं. टिपऱ्यांना मी लय चढवत गेलो, पोरं ओरडायला लागली, मी आणखी चढवली. सी विंगच्या काकू आणि त्यांच्या मैत्रिणी एकेक करून रिंगणातून बाहेर आल्या, खुर्च्यांवर बसल्या. मला वाटलं, काय रंगला कार्यक्रम! मान खाली घालून मी माझ्याच बोटांकडे बघत होतो. त्यानंतर काकू टिपऱ्या घेऊन आल्या नाहीत. आता गुडघ्यांमुळे येणारही नाहीत.

यंदा स्पीकर लावायचं चाललंय असं ऐकतो. लावा, माझी ना नाही, पण स्पीकरला डोळे नसतात एवढं लक्षात ठेवा. आणि ढोलकी ठेवणार असाल तर समितीला एक विनंती. माझी सतरंजी स्टेजवर नको. रिंगणाच्या कडेला टाका, जिथून पाय दिसतील.