टेस्ट हिरवी, हिशोब चुकलेला

तुमसरहून बोलतोय. बाहेर धानाच्या ट्रॅक्टरांची रांग आहे, त्यामुळे मध्येच हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

आजचा प्रश्न: टेस्टसाठी असर्शन लायब्ररी कोणती घ्यायची? असर्शन म्हणजे टेस्टमधली ती ओळ, जी म्हणते, "उत्तर इतकंच यायला हवं." खरेदी केंद्रावर ओलावा 17 टक्क्यांच्या वर निघाला की धान परत, तसंच हे. पण मशीन धानाला लावलंच नाही तर?

माझं तेच झालं. मी एका छोट्या कंपनीसाठी जावामध्ये धानाच्या चुकाऱ्याचा हिशोब लिहितो. 2025-26 चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये. म्हणजे 40 क्विंटलचे 94,760. सगळ्या टेस्ट हिरव्या! प्रोग्राम केंद्रावर जायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकांच्या वजनाचे आकडे सहज टाकून पाहिले. उत्तर आलं 92,391. एक अख्खा क्विंटल गायब! हे तसंच गेलं असतं तर काकांनी दाद कुणाकडे मागायची?

टेस्ट उघडली. मी असर्ट-जे वापरत होतो. त्यात 'असर्ट-दॅट'च्या कंसात तपासायची गोष्ट द्यायची आणि पुढे डॉट देऊन अपेक्षा सांगायची. मी दोन्ही रकमांची तुलना कंसातच केली आणि पुढे काहीच लिहिलं नाही. उत्तर खरं असो की खोटं, टेस्ट पासच!

मग असर्ट-जे सोडायचं का? मी नाही सोडलं. पर्याय बघा. जेयुनिटचं साधं 'असर्ट-इक्वल्स' छोट्या कामाला पुरतं. फक्त त्यात अपेक्षित रक्कम आधी, आलेली नंतर. उलट लिहिलं तर मेसेज उलटा येतो आणि तुम्ही चूक भलतीकडेच शोधत बसता. 2017 मध्ये आलेल्या जेयुनिट 5 ने स्वतःचं 'असर्ट-दॅट' ठेवलंच नाही; ते काम हॅमक्रेस्ट, असर्ट-जे, ट्रुथ यांच्यावर सोडलं.

पैशांचं अजून एक. जावाच्या बिग-डेसिमलला 94760.0 आणि 94760.00 समान वाटत नाहीत! असर्ट-जेमध्ये फक्त किंमत ताडणारी वेगळी तपासणी आहे, हॅमक्रेस्टमध्येही आहे. आणि 'असर्ट-ट्रू' शक्यतो टाळा. ते फेल झालं की एवढंच सांगतं: ट्रू हवं होतं, फॉल्स आलं. किती आलं, कुठे फरक पडला, काही नाही. रात्री अकराला त्या मेसेजचं काय करणार?

म्हणून लायब्ररी निवडताना मी तीन गोष्टी बघतो. फेल झाल्यावर ती दोन्ही आकडे नीट दाखवते का? माझ्या कामाच्या तपासण्या तिच्यात तयार आहेत का? आणि टीममधल्या नवीन पोराला ती ओळ वाचून कळते का?

अर्धवट ओळ पकडायला स्पॉटबग्ज किंवा एरर प्रोन लावता येतं. पण सगळ्यात स्वस्त उपाय सांगू? टेस्ट लिहिली की अपेक्षित आकडा मुद्दाम चुकवा आणि चालवा. लाल झाली, तरच ती टेस्ट.

आजच तुमची एक टेस्ट अशी मोडून बघा. भेटू पुढच्या भागात!