इंग्रजीची पायरी कशी ओळखावी?

परदेशीं शिकावयास जाऊं इच्छिणाऱ्या मुलामुलींमुळें सातारा-सांगलीच्या घरांतूनहि आज ‘आयेल्ट्स’ व ‘टोफेल’ हीं नांवें ऐकूं येतात. दोहोंची गुणांची मोजपट्टी निराळी. म्हणून तुलनेस युरोप परिषदेनें २००१ सालीं प्रसिद्ध केलेली, ए-१ पासून सी-२ पर्यंतची सहा पायऱ्यांची शिडी उपयोगी पडते. आयेल्ट्सचे ५.५ ते ६.५ गुण बी-२ या पायरीवर येतात. ७ पासून सी-१ सुरू होते.

परंतु पायरी कळली म्हणजे काम भागलें असें नव्हे. समजा, एखाद्यास श्रवणांत ७.५, वाचनांत ७, संभाषणांत ६.५ आणि लेखनांत ५.५ मिळाले. सरासरी ६.६२५ येते व ती ६.५ धरली जाते. विद्यापीठाची अट ‘एकूण ६.५, कोणत्याहि विभागांत ६ हून कमी नको’ अशी असल्यास हा विद्यार्थी लेखनापायीं अडतो! आपल्या शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेंत इंग्रजीचा एकच आंकडा पाहण्याची संवय असल्यानें हें ध्यानीं येत नाहीं.

यास्तव पालकांनीं परीक्षेची फी भरण्यापूर्वीं विद्यापीठाची अट विभागवार वाचावी आणि मुलाच्या दुबळ्या विभागाची तयारी आधीं करून घ्यावी. निकाल दोनच वर्षें ग्राह्य धरला जातो, हेंहि विसरूं नये.