भूछत्रांचें रिंगण आणि रात्रींच्या गोष्टी

श्रावणांतली सर कोसळून गेली आणि ऊन पडलें, कीं श्रीवर्धनच्या वाड्यांतून व गवताळ मोकळ्या जागांतून एका रात्रींत उगवलेलीं भूछत्रें दिसूं लागतात. बहुधा तीं एकटींदुकटीं असतात, नाहींतर एखाद्या कुजक्या ओंडक्यावर दाटी करून उभीं असतात. परंतु क्वचित् कोठें पांढऱ्या छत्र्यांचें पुरें रिंगणच दृष्टीस पडतें. जणुं कोणी मध्यें खुंटी ठोकून दोरीनें तें आंखलें आहे! कडेचें गवत गर्द हिरवें, आंतलें कित्येकदां पिवळटलेलें. “हें कोणीं मांडलें?” असा प्रश्न अशा वेळीं लहान मुलाच्या तोंडून हटकून निघतो, आणि त्याला उत्तर देणारें माणूस घरांत आहे कीं नाहीं, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें.

युरोपांतील मुलास हें उत्तर तयार मिळे. इंग्लंडांत या रिंगणाला पऱ्यांचें कडें म्हणत. फ्रान्स व जर्मनी या देशांत तीच जागा चेटकिणींच्या नांवें ओळखली जाई. चांदण्या रात्रीं तेथें फेर धरला जातो, आंत पाऊल टाकणारा त्या नाचांत सांपडतो, आणि सुटून घरीं येतो तों ओळखीचें माणूस उरलेलें नसतें, अशा गोष्टी तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. शेक्सपियरनेंहि आपल्या ‘टेंपेस्ट’ नाटकांत हीं रिंगणें चिमुकल्या यक्षांच्या पदरीं घातलीं आहेत.

मराठी मुलखांत मात्र परी अशी गवतावर सहसा उतरली नाहीं. ‘परी’ हा शब्दच मुळीं फारशींतून आलेला. ती आपल्या घरांत शिरली ती बव्हंशीं छापील पुस्तकांतून, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं भाषांतरास घेतलेल्या अरबी गोष्टींसारख्या ग्रंथांचें बोट धरून. आपल्या लोकांनीं भूछत्राला नांव दिलें तें ‘कुत्र्याची छत्री’. परीच्या सिंहासनापुढें हें नांव ओबडधोबड वाटेल खरें. पण त्यांत शहाणपण आहे. जी खावयाची ती अळंबी. जी कुत्र्याची ती माणसानें तोंडीं लावूं नये. उष्ण प्रदेशांत असें रिंगण धरणारें जें एक मोठें पांढरें भूछत्र आहे, ज्याच्या छत्रीखालच्या पाकळ्या पुढें हिरवट होतात, तें पोटांत गेल्यास ओकाऱ्या व जुलाब यांनीं माणूस हैराण होतो. शास्त्रज्ञ त्याला क्लोरोफायलम मोलिब्डायटीस म्हणतात. मुलांनीं रिंगण पाहावें, मोजावें. तोडून घरीं आणूं नये.

या रिंगणाचें गूढ प्रथम शास्त्रीय रीतीनें उकलणाऱ्यांत वोलास्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची गणना होते. त्याचा निबंध १८०७ सालचा. तोंपर्यंत कोणी विजेला कारण मानी, कोणी मुंग्यांना. वास्तविक भूछत्र हें केवळ फळ होय. खरी वनस्पति म्हणावी तर ती मातींत पसरलेलें बुरशीच्या तंतूंचें जाळें. (आजचे शास्त्रज्ञ बुरशीला वनस्पति न मानतां तिचें स्वतंत्र राज्य मानतात, हें येथें सांगितलेलें बरें.) एका ठिकाणीं रुजलेलें हें जाळें चहूंकडे सारख्याच गतीनें सरकतें. मागची अन्नसामग्री संपते, मधला भाग मरतो, आणि जिवंत राहते ती बाहेरची कड. म्हणून फळेंहि कडेलाच धरतात. कुजण्याच्या क्रियेंत नत्र मोकळा होतो, त्यावर गवत पोसतें. फ्रान्समध्यें बेल्फोर या गांवाजवळच्या एका रिंगणाचा व्यास सुमारें ६०० मीटर असून वय सुमारें ७०० वर्षें मानतात. बाळाजी विश्वनाथ भट १७१३ सालीं पेशवे झाले, तेव्हांच तें रिंगण जवळजवळ चारशें वर्षांचें असलें पाहिजे!

मग कोंकणच्या मुलाला गोल रिंगणाची भीति ठाऊकच नव्हती काय? होती, पण ती चकव्याची. रात्रीं नेहमींच्या वाटेनें निघालेला मनुष्य चालतो, चालतो, आणि तेंच आंब्याचें झाड तिसऱ्यांदा पुढें येतें. अशा वेळीं खालीं बसावें, उजाडूं द्यावें, असा वडील माणसांचा उपदेश. २००९ सालीं जर्मनींतील संशोधकांनीं कांहीं माणसांना अरण्यांत व वाळवंटांत सरळ चालावयास सांगितलें. सूर्य वा चंद्र दिसत होता तोंवर तीं सरळ गेलीं. तो झांकतांच, आपण सरळच जात आहों अशा समजुतींत, तीं वर्तुळें काढूं लागलीं. म्हातारीचा उपदेश अगदींच वेडगळ नव्हता.

अशा गोष्टी कोणीतरी टिपून ठेवाव्या लागतात. १९१५ सालीं एंथोव्हेन यांनीं कोंकणच्या लोकसमजुतींचें पुस्तक सिद्ध केलें. त्याची सामग्री जॅक्सन यांनीं जमविली होती, आणि तींतला मोठा भाग गांवोगांवच्या शाळामास्तरांनीं लिहून पाठविलेला होता. गिऱ्हा, मुंजा, देवचार, हडळ हीं सारीं त्यांत हजेरी लावून आहेत. ज्या मास्तरांनीं दिवसा मुलांना भुतें नसतात म्हणून सांगितलें, त्यांनींच रात्रीं दिव्याशीं बसून तीं कागदावर उतरविलीं, असें मनांत आलें म्हणजे मौज वाटते. त्याहिपूर्वीं, १८६८ सालीं, मेरी फ्रियर या गव्हर्नरकन्येनें दख्खनच्या गोष्टींचें पुस्तक काढलें. त्या गोष्टी तिला अ‍ॅना लिबरेटा डिसूझा या आयेनें सांगितल्या, आणि आयेला तिच्या आजीनें. हल्लींच्या म्हाताऱ्यांना गोष्टींपेक्षां पैशाची गोडी अधिक, अशी त्या बाईची तेव्हांच तक्रार होती! गोष्टी सरल्या, आज्या पूर्वींच्या राहिल्या नाहींत, हें रडगाणें निदान दीडशें वर्षांचें जुनें आहे.

तरीहि श्रीवर्धनकरांच्या हळहळीला एक खरें कारण आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक होता. रोठा सुपारीच्या वाड्यांतल्या पोफळी मोडल्या, माड उन्मळले. ज्या सावलींत पाटाच्या कडेला बसून मुलें आटपाट नगरांत जाऊन येत, ती सावलीच एका दुपारीं नाहींशी झाली. पोफळ फळाला येण्यास सहासात वर्षें लागतात. तेव्हांचीं रोपें आतां कोठें त्या वयाला पोंचत आहेत. मेलेलीं खोडें मुळांसकट काढावीं, असा जाणत्यांचा आग्रह असतो. कारण पोफळीला व माडाला मुळापासून कुजविणारी गॅनोडर्मा नांवाची बुरशी अशा बुंध्यांतच दबा धरून राहते. एक बुरशी गवत पोसते, दुसरी वाडी खाते.

वाड्या पुन्हा लाविल्या जात आहेत. पण ऐकणारीं मुलें बरीचशीं मुंबईला असतात. गणपतीसाठीं घरें उघडतात तेव्हां तीं येतात. पाऊस चालूच असतो, भूछत्रेंहि असतात, आणि “हें कोणीं मांडलें?” हा प्रश्नहि तीं विचारतात. शास्त्रज्ञांचें उत्तर त्यांना हातांतल्या यंत्रावर क्षणांत मिळतें. चकव्याचें मात्र आजीकडूनच घ्यावें लागतें. आरत्या, मोदक आणि पाहुणे यांच्या गर्दींत त्यासाठीं उरते ती रात्रींची एक घटका. वीज गेली तर दोन.