खिळ्याविना पेटी
(प्रभागसंघाच्या सभेत केलेलं भाषण)



आज मला बचत-कर्जावर नाही, करवत आणि पटाशीवर बोलायला सांगितलंय. मी सुतारघरातली. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी ही आमची बलुत्याची कामं. ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारं आली आणि ते काम गेलं. कितीतरी घरांतली हत्यारं माळ्यावर गेली, काही भंगारात. खंडेनवमीला आपण त्यांना हळदकुंकू वाहतो, पण बाई ती हातात घेत नाही. मी विचारते, का नाही घ्यायची? विळीवर बसून पायाने पाट दाबून भाजी चिरतो, तसंच जुना सुतार जमिनीवर बसून पायाने फळी धरतो. ही बैठक आपल्या अंगवळणी पडलेलीच आहे.

आज एकच सांधा सांगते. पेटीच्या कोपऱ्याचा. मिस्त्री त्याला डवटेल म्हणतात. पारव्याची पसरलेली शेपटी असते ना, टोकाला रुंद आणि मुळाशी अरुंद, तसा त्याचा आकार. एका फळीला शेपट्या, दुसरीला त्यांच्यात बसणारे दात. शेपटी टोकाला रुंद, म्हणून ओढली तरी निघत नाही. ड्रॉवर रोज ओढला जातो, म्हणून शेपट्या त्याच्या बाजूच्या फळ्यांना कापतात.

खिळा मारून भागत नाही का? भागतं, पण थोडे दिवस. आपल्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. खिळा ढिला होतो, ओलीने गंजतो. सांध्यात लाकडाला लाकूडच धरून ठेवतं.

आता कृती.

१. लाकूड वाळलेलंच घ्या. रंधा मारून फळी सपाट करा, टोक गुण्या लावून काटकोनात घ्या.

२. एका फळीची जाडी दुसरीच्या टोकापासून मोजून चारही बाजूंनी रेघ मारा. कापणं या रेघेपर्यंतच.

३. शेपटीचा तिरपेपणा सहाला एक ठेवा. म्हणजे ६ सूत लांबीला १ सूत तिरकं. जास्त तिरपं केलं तर कोपरे तुटतात, कमी केलं तर पकड राहत नाही. जे काढायचं, त्यावर फुली मारा.

४. करवत रेघेवर नको, फुलीच्या बाजूला चालवा. रेघ शिल्लक दिसली पाहिजे.

५. मधला भाग पटाशीने अर्धा एका बाजूने काढा, मग फळी उलटून अर्धा. एकाच बाजूने आरपार मारलं तर मागची कड फाटते. दुसरा हात कायम धारेच्या मागे ठेवा.

६. शेपट्या दुसऱ्या फळीच्या टोकावर ठेवून टोकदार सुरीने खुणा करा. इथे मोजपट्टी नको, पहिल्या फळीवरूनच माप घ्या. मग दात कापा.

७. आधी थोडंच बसवून बघा. जिथे अडतं तिथलं जरासं तासा. नीट बसलं की सरस लावून मोगरीने हलके ठोका.

पटाशीला धार नसेल तर यातलं काहीच जमणार नाही. काम सुरू करण्याआधी दगडावर धार लावायची.

आता पैशाचं. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ कामांत सुतारकाम आहे. हाताने हे काम करणाऱ्यांसाठी ती आहे, वय १८ च्या पुढे, आणि एका कुटुंबातून एकालाच. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत व्हाउचर, आणि पहिलं १ लाखापर्यंतचं कर्ज ५ टक्के व्याजाने. नोंदणी सीएससी केंद्रात होते. आधी काम हाताला बसवा, मग अर्ज करा. नुसतं नाव लावून हत्यारं आणली तर तीही माळ्यावरच जातील.

भाव ठरवताना फळीच्या पैशात आपले तास मिळवा. प्लायवूडच्या पेटीशी भावात स्पर्धा करू नका, ती आपण हरणार. आपण टिकाऊपणा विकायचा. गिऱ्हाइकाला कोपरा दाखवा, ओढून बघायला सांगा.

प्रत्येक ग्रामसंघातून दोन-तीन जणींनी सीआरपी ताईंकडे नावं द्या. गावातल्या जुन्या मिस्त्रींना मानधन देऊन बोलवू. त्यांचा हात थांबला की ही विद्याही थांबेल. पहिलं काम बाहेरचं नको. आपल्या गटाचं पुस्तक आणि पैसे ठेवायची पेटी आपणच करू.