दोन सामन्यांमधील महेश्वर



इंदूरच्या खो-खो स्पर्धेत मी घाईने दिलेल्या खोमुळे साखळीतील पहिला सामना आपण हरलो आणि दोष मी सहकाऱ्यावर ढकलला. दुसरा दिवस विश्रांतीचा होता. सरांनी आम्हांला सुमारे ९० किलोमीटरवरील महेश्वरला नेले. १७६७ ते १७९५ राज्य करणाऱ्या अहिल्याबाईंची साधी गादी पाहिली. त्यांनी आश्रय दिलेल्या विणकामाचे माग पाहिले. धागा तुटताच विणकर माग थांबवून तो सांधत होता. सायंकाळी नर्मदेच्या घाटावर मी मित्राची क्षमा मागितली. पुढचा सामनाही आपण हरलो; परंतु परतताना आम्ही दोघे एकाच बाकावर होतो. शाळेने काय दिले, असे कोणी विचारले की मला तो घाट आठवतो.