घटनेचं पुस्तक कुणाचं?



मी रोहे तालुक्यातल्या निडीचा, चौथी शिकलेला. साच्यावरचा सोबती परवा म्हणाला, "घटना वकिलांनी वाचायची. आपल्याला तिचं काय?"

बाबा रे, 1935 च्या कायद्यात मत देण्याआधी माणसाची मालमत्ता, कर, शिक्षण बघत. 26 जानेवारी 1950 ला घटना अमलात आली. कलम 326 ने शेठजीला एक मत, बदलीवाल्यालाही एकच! कलम 19 ने बिनहत्यारी सभा अन् युनियन हा हक्क ठरला. तरीही 1955-56 त मुंबईत गोळ्या चालल्याच. नुसत्या कागदाने बंदूक अडत नाही.

कलम 3 म्हणतं, नवं राज्य संसदेने कायद्याने करावं. आमच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे खासदार चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. मुंबई तोडायला निघाले, तेव्हा 1956 त त्यांनी खुर्चीच सोडली. शंभरावर माणसं हुतात्मा झाली. 1957 त लोकांनी मतपेटीतून जाब विचारला. अखेर त्याच कलमाखाली कायदा होऊन 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला.

बेळगावसाठी 2004 साली सुप्रीम कोर्टात दावा लावला, तिथंही घटनेचीच कलमं काढावी लागतात. युनियनच्या कचेरीत मराठी प्रत ठेवली आहे. रविवारी या, कलम 3 पासून वाचू. अडलं तर अक्षरं लावत वाचू.