नवशिक्याने बांधायची पहिली खिडकी



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीतल्या एका जुन्या संगणकापुढे झाले. तेव्हा संगणकशास्त्रावर मी प्रवचन करणार नाही. ज्याने नुकताच प्रोग्रॅम लिहायला आरंभ केला आहे, त्याने पडद्यावर एक साधी खिडकी कशी बांधावी आणि ती बांधताना कोणाकडे पाहावे, एवढाच माझा विषय आहे.

नवशिक्याचा पहिला प्रोग्रॅम बहुधा काळ्या पडद्यावर चालतो. तो एक प्रश्न विचारतो, उत्तर मिळेपर्यंत अडून बसतो, मग दुसरा विचारतो. ही खातेनिहाय चौकशीच झाली म्हणा ना! प्रश्न त्याचे, क्रमही त्याचाच. मागचे उत्तर सुधारायचे तर सोय नाही. खिडकी आली की हा क्रम उलटतो. वेतनाचा रकाना आधी भरायचा की नोकरीच्या वर्षांचा, हे समोर बसलेला माणूस ठरवतो, आणि प्रोग्रॅम त्याची वाट पाहतो. पायथन भाषेबरोबर टीकेइंटर नावाचे जे साहित्य मिळते, त्यात या वाट पाहण्याला मेनलूप म्हणतात. कळ दाबली, माउस हलला, खिडकी मिटली, अशी एकेक घटना तो उचलतो आणि त्या कामासाठी नेमलेल्या फंक्शनकडे धाडतो. प्रोग्रॅम वरून खाली धावत नाही, बोलावणे येईल तेव्हा उठतो, ही गोष्ट एकदा उमगली की नवशिक्याचे निम्मे शिक्षण झाले असे मी धरतो.

आता एक खिडकी प्रत्यक्ष बांधू. आमच्याकडे निवृत्तीला आलेला कामगार हमखास एक प्रश्न घेऊन येतो, "भाऊ, ग्रॅच्युइटीचे माझे किती होतात?" १९७२ च्या कायद्याने घातलेला हिशेब सोपा आहे. शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि आलेल्या रकमेला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. सहा महिन्यांहून अधिक झालेले अपुरे वर्ष पुरे धरायचे. २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही गणित तेच राहिले. वेतनात काय काय धरायचे याची व्याख्या मात्र बदलली.

या खिडकीला लागते काय? शब्द दाखवायला लेबल, लिहून घ्यायला एन्ट्री आणि दाबायला बटण. वेतन, वर्षे आणि महिने असे तीन रकाने ग्रिडने ओळीत मांडले की झाले. पण बटणापाशी पुष्कळ नवशिके ठेचकाळतात. बटणाला फंक्शनचे नुसते नाव सांगायचे असते. ते नावापुढे कंस काढून ठेवतात. कंस काढला की फंक्शन जागच्या जागी चालून मोकळे होते आणि पुढे बटण कितीही दाबा, ते मुके! शेजाऱ्याचा पत्ता लिहून ठेवणे निराळे आणि आताच त्याच्या दारावर थाप मारणे निराळे.

दुसरी गोष्ट अशी, की एन्ट्रीतून हाती येतो तो मजकूर असतो, संख्या नव्हे. ती संख्या करून घ्यावी लागते. पायथनला देवनागरी आकडे कळतात हे पाहून मला फार बरे वाटले. १८२०० असे आपल्या अंकांत लिहिले तरी तो मुकाट्याने स्वीकारतो. पण माणूस लिहितो १८,२००, आणि त्या स्वल्पविरामावर गाडी अडते. बरे, अडल्याची तक्रार जाते कोठे? मागच्या काळ्या पडद्यावर. समोरच्या माणसाला काहीच दिसत नाही. तो दोनदा दाबतो, तीनदा दाबतो, आणि "आपल्यालाच जमत नाही" म्हणून उठून जातो. स्वल्पविराम काढून टाकायचे काम यंत्राचे आहे, त्याने ते करावे. आणि रकान्यात अक्षरेच आली, तर "वेतन आकड्यांत लिहा" असे खिडकीतच स्वच्छ सांगावे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या दोन ओळी वाचाव्यात म्हणून शंभर माणसांनी स्वतःला अडाणी का समजावे?

बटणावर काय लिहावे, हाही वरवरचा प्रश्न नाही. आमच्या एका तरुणाने त्यावर "सबमिट" असे लिहिले होते. पॅकिंग खात्यातल्या एका बाईंनी हात मागे घेतला आणि विचारले, "भाऊ, हे दाबलं की माझं नाव हापिसात कळतं का?" त्यांचा संशय अनाठायी नव्हता. हजेरीच्या यंत्रावर ठेवलेला अंगठा हापिसात कळतोच. आम्ही "हिशेब काढा" असे लिहिले आणि खाली एक ओळ घातली, "ही माहिती कोठेही पाठवली जात नाही." ती ओळ खरी असावी म्हणून तसा प्रोग्रॅमही ठेवला.

कामगारांना विचारून यंत्र घडवण्याची ही रीत आमची नव्हे, ती नॉर्वेची. ऑस्लो येथे क्रिस्टेन न्यूगार्ड आणि ओले-योहान दाल यांनी सिम्युला ही भाषा रचली. १९६७ च्या तिच्या आवृत्तीत वर्ग आणि वस्तू या कल्पना आल्या. त्यातून अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत अॅलन के यांच्या मंडळींनी स्मॉलटॉक घडवली आणि एकमेकींवर ठेवता येणाऱ्या खिडक्या पडद्यावर आणल्या. तुम्ही टीकेइंटरमध्ये बटण करता तेव्हा वस्तूच करता. ते त्याच घराण्यातले. पण हाच न्यूगार्ड १९७० नंतर नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर बसला, हे प्रोग्रॅमिंगच्या वर्गात क्वचितच सांगतात. त्या खटपटीचे फळ असे, की १९७५ साली तेथील कामगार महासंघ आणि मालकांचा महासंघ यांच्यात करार झाला आणि संगणकपद्धती आणण्यापूर्वी तिची माहिती मिळण्याचा हक्क कामगारांना लाभला.

पुढे १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन-डेन्मार्कच्या संशोधकांनी नॉर्डिक मुद्रण कामगारांच्या संघटनेसह वृत्तपत्राची पाने जुळवण्याच्या यंत्राचा आराखडा केला. यंत्र हाती नव्हते, तेव्हा त्यांनी पुठ्ठ्याचे संगणक केले! रिकाम्या खोक्यावर "लेझर प्रिंटर" असे लिहिले आणि जुळाऱ्यांना त्यापुढे काम करून दाखवायला सांगितले. नवशिक्यांना माझा आग्रह हाच असतो. आधी खिडकी कागदावर काढा, ज्याच्यासाठी ती आहे त्याचे बोट कागदावर फिरू द्या, ते कोठे अडखळते ते पाहा. मग संगणक उघडा. कागद खोडायला पैसे पडत नाहीत.

आमची खिडकी कागदावर होती तेव्हा एका वृद्ध फिटरमामांनी तिच्यात एक उणीव काढली. खाली नुसते उत्तर होते, २,२०,५००. ते म्हणाले, "हा आकडा घेऊन मी साहेबापुढे गेलो आणि त्याने त्याच्या संगणकावरचा २,१०,००० दाखवला, तर मी काय बोलू?" प्रश्न बिनतोड होता. उत्तराच्या वर आम्ही आणखी तीन लेबले घातली: १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००, ७०० गुणिले १५ म्हणजे १०,५००, २० वर्षे ७ महिने म्हणजे २१ वर्षे. दहा हजार पाचशेचा फरक सात महिन्यांत दडलेला आहे, हे आता त्या पायऱ्यांवर बोट ठेवून दाखवता येते. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी जेमतेम सहा ओळी वाढल्या. मामांनी तो कागद घडी करून खिशात घातला, आणि संगणकावरची खिडकी पुरी व्हायच्या आधीच हापिसात जाऊन आले.